डिस्क गेली म्हणण्याआधी

लग्नसराई ओसरली की कोल्हारसारख्या गावातल्या फोटो स्टुडिओंत खरी धांदल संगणकासमोर सुरू होते. साखरपुडा, हळद, लग्न, वरात असं सगळं कॅमेऱ्याच्या कार्डांवरून उतरवून एका बाह्य हार्डडिस्कवर भरायचं, तिच्यावरूनच फोटो निवडायचे, अल्बम लावायचा, व्हिडिओ जोडायचा. कॉपी साठ-सत्तर टक्क्यांवर आलेली असते आणि स्पीकरमधून डिस्क काढल्याचा तो आवाज येतो. डिस्कचं चिन्ह पडद्यावरून जातं, दोन-तीन सेकंदांत परत येतं, पुन्हा जातं. कुणीतरी म्हणतं, "गेली वाटतं डिस्क." मग नवी डिस्क आणायची किंवा हिलाच फॉरमॅट मारून बघायचं, एवढे दोनच विचार सुचतात.

दोन्ही विचार घाईचे आहेत. प्रवरेच्या काठी, नगर–मनमाड रस्त्यावर वसलेल्या या बाजाराच्या गावात बाह्य डिस्क फक्त स्टुडिओवाल्यांकडे नाही. फ्लेक्स छापणारे, सेवा केंद्र चालवणारे, शिकवणीवाले, लोणीला कॉलेजात शिकणारी मुलं, सगळ्यांचं काम तिच्यावर आहे. आणि सारखी कट होणारी डिस्क बऱ्याच वेळा आतून धडधाकट असते. दोष असतो तो तिच्यापर्यंत वीज आणि माहिती पोचवणाऱ्या वाटेत. ही वाट कशी आहे आणि ती कुठे कुठे तुटू शकते हे कळलं तर शोध सोपा होतो, आणि पुष्कळदा एका केबलच्या किमतीत भागतं.

मात्र शोध सुरू करण्याआधी डेटा. वाटेत दोष आहे हे सिद्ध होईपर्यंत डिस्क आजारीच आहे असं धरून वागायचं. कट होऊन परत आलेल्या डिस्कबद्दल विंडोज कधी कधी विचारतं की ही वापरण्याआधी फॉरमॅट करायची का. कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही अर्धवट वाचली गेली की संगणकाला ती डिस्क कोरी किंवा अनोळखी वाटते, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. तिथे 'कॅन्सल' दाबायचं, दुसरं काही नाही. चेकडिस्क ही विंडोजमधली दुरुस्ती चालवण्याचा मोहही आवरायचा. ती दुरुस्ती डिस्कवरच्या नोंदी बदलते, आणि दुरुस्ती चालू असताना डिस्क पुन्हा कट झाली तर आधी वाचता येत होतं तेही हातचं जातं. चेकडिस्कला जागा आहे, पण ती डेटा दुसरीकडे गेल्यानंतरची.

कॉपी करताना ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही ते आधी घ्यायचं. सगळं फोल्डर एकदम ओढलं आणि मध्येच डिस्क कट झाली की कुठवर पोचलो तेच कळत नाही. थोडं थोडं घेतलेलं बरं. शक्य असेल तर हे काम डेस्कटॉपवर न करता लॅपटॉपवर करायचं. लॅपटॉपमध्ये बॅटरी असते, त्यामुळे बाहेरची वीज कितीही खालीवर झाली तरी त्याच्या पोर्टवर फरक पडत नाही. शिवाय तिथे पोर्ट आणि मदरबोर्ड यांच्यात लांब तार नसते. डेस्कटॉपवर दर पाच मिनिटांनी कट होणारी डिस्क लॅपटॉपवर तीन तास गुमान चालली, तर डेटा तर हाती आलाच, पण निदानही अर्धंअधिक झालं. डिस्क चांगली आहे. डेस्कटॉपच्या बाजूला काहीतरी बिघडलं आहे.

एकच लक्षण असं आहे की तिथे यातलं काहीच करायचं नाही. डिस्कमधून ठराविक तालात 'टक, टक, टक' असा आवाज येत असेल, तर ती ताबडतोब बंद करायची. डिस्कच्या आत चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून फक्त काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. माणसाचा केस हजारो पट जाड असतो. ते डोकं जागा सापडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा परत फिरतंय, असा त्या आवाजाचा अर्थ. अशा वेळी प्रत्येक नवा प्रयत्न चकतीवर ओरखडा काढू शकतो. डेटा मोलाचा असेल तर ती न उघडता, न ठोकता, फ्रीजमध्ये न ठेवता, डेटा रिकव्हरीचं काम खरोखर करणाऱ्यांकडे न्यायची.

आता वीज आणि माहितीच्या त्या वाटेकडे वळू. यूएसबीचं पहिलं मानक १९९६ साली आलं. ते घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट आघाडीवर होते. त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं. कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांना वेगवेगळ्या आकाराचे सॉकेट लागायचे, ते जाऊन एकच सॉकेट यावं, हा त्यामागचा मुख्य हेतू. त्याच तारेतून थोडी वीजही द्यायची ठरली: ५ व्होल्ट दाबाने जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर. माउसला एवढी वीज डोक्यावरून पाणी. पण पुढे याच सॉकेटवर लोकांनी मोटर असलेली हार्डडिस्क लावली. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० ने ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर केली.

खिशात मावणारी अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा क्षणभर १ अँपिअरच्या आसपास वीज ओढते. एकदा वेग धरला की तिची भूक निम्म्यावर येते. म्हणजे सुरुवातीचा तो क्षण पोर्टच्या ताकदीच्या अगदी काठावरचा. पोर्ट चांगला असेल, केबल चांगली असेल तर निभावतं. दोन्हींत थोडी थोडी कसर असेल तर डिस्क फिरू लागते, वीज कमी पडते, आतला चिमुकला सर्किट बोर्ड बंद पडतो, पुन्हा चालू होतो, आणि संगणकाला ती काढून पुन्हा लावल्यासारखी दिसते. जुन्या डिस्कसोबत एका टोकाला दोन यूएसबी पिना असलेली केबल यायची ती याचसाठी.

केबलची कसर म्हणजे नेमकं किती, ते मोजून बघण्यासारखं आहे. केबलच्या रबरावर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं; मोबाइलचा टॉर्च मारून, केबल हळूहळू फिरवत वाचलं तर '२८ एडब्ल्यूजी/१पी + २४ एडब्ल्यूजी/२सी' अशा धर्तीचं सापडतं. यातला पहिला भाग माहिती वाहणाऱ्या जोडीच्या जाडीचा, दुसरा वीज वाहणाऱ्या दोन तारांचा. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८ ओहम, २८ गेजचा साधारण ०.२१ ओहम. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटरच्या केबलमध्ये तारेची लांबी दोन मीटर धरायची. २८ गेजच्या केबलमधून १ अँपिअर वाहिला की वाटेतच ०.४३ व्होल्ट खर्च होतात. पोर्टवर पुरे ५ व्होल्ट असले तरी डिस्कला मिळाले ४.५७. डिस्क बनवणारे साधारण पाच टक्क्यांची सूट देतात, म्हणजे निदान ४.७५ व्होल्ट तरी हवेत. तीच केबल २४ गेजची आणि अर्ध्या मीटरची असती तर फक्त ०.०८ व्होल्टच्या आसपास घट झाली असती.

डिस्कसोबत कंपनीकडून येणारी केबल इतकी आखूड का, याचं उत्तर या हिशेबात आहे. सीपीयू टेबलाखाली आणि डिस्क टेबलावर, म्हणून आपण दीड-दोन मीटरची केबल आणतो, नाहीतर एक्स्टेन्शन जोडतो. सोय होते, पण मोटर सुरू व्हायच्या क्षणी लागणारे दशांश व्होल्ट तिथेच जातात. बारीक तारेच्या आत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असेल तर हा हिशेब आणखी बिघडतो. डिस्कच्या बाबतीत केबलवर वाचवलेले पैसे मला सगळ्यात महाग वाटतात.

डेस्कटॉपमध्ये आणखी एक लपलेली केबल असते. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट मदरबोर्डवर नसतात. आतून एक तार मदरबोर्डच्या पिनांवर नेऊन बसवलेली असते. स्वस्त कॅबिनेटमध्ये ती तार बारीक असते, पेन ड्राइव्ह लावून-काढून पुढचं सॉकेट सैल झालेलं असतं आणि रस्त्याची धूळ त्यात बसलेली असते. मागच्या बाजूचे पोर्ट मात्र थेट मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेले असतात. म्हणून शोधाची पहिली पायरी अगदी साधी: डिस्क मागच्या पोर्टवर, मूळ आखूड केबलने, मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन न घेता लावायची आणि एक मोठी कॉपी करून बघायची. माझ्या मते कुणाकडेही डिस्क दाखवायला नेण्याआधी एवढं केलंच पाहिजे. पोर्ट, केबल आणि संगणक यांतलं एका वेळी एकच बदलायचं. तिन्ही एकदम बदलले आणि डिस्क चालली तर दोष कशात होता ते कळणार नाही, आणि तोच सैल पोर्ट उद्या दुसऱ्या डिस्कला त्रास देईल.

मागच्या पोर्टवरही तेच होत असेल तर डिस्ककडचं टोक तपासायचं. अडीच इंची डिस्कवर बहुधा रुंद, चपटी, मध्ये खाच असलेली पिन असते. खाचेच्या एका बाजूला जुन्या यूएसबीचे संपर्क, दुसऱ्या बाजूला ३.० च्या जास्त वेगासाठीचे संपर्क. डिस्क बॅगेत केबलसकट कोंबली की याच पिनेवर ताण येतो. बोटाने किंचित हलवल्यावर डिस्क कट होत असेल तर दोष सापडला. याहून सूक्ष्म लक्षण वेगाचं. एरवी सेकंदाला १०० एमबीच्या पुढे होणारी कॉपी ३५-४० वर घुटमळू लागली, तर वेगवान बाजूचे संपर्क नीट टेकत नाहीत आणि डिस्क जुन्या यूएसबी २.० वर उतरली आहे असा तर्क करता येतो. उलट बाजूनेही तपासता येतं: डिस्क मुद्दाम काळ्या, म्हणजे २.० च्या पोर्टवर लावायची. तिथे वीज कमी मिळते, तरीही ती हळूहळू पण न तुटता चालली, तर विजेवरचा संशय कमी होतो आणि वेगवान जोड्यांवरचा वाढतो. केबल बदलल्यावर हा दोष पुष्कळदा जातो. नाही गेला तर डिस्कवरचं सॉकेटच उचललं गेलेलं असतं, आणि ते मोबाइल दुरुस्तीवाला कुशल कारागीरही नीट बसवून देऊ शकतो. फक्त डेटा आधी काढलेला हवा.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कची गोष्ट वेगळी आहे. तिला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून तिला स्वतःचा अॅडॅप्टर असतो. तो तीन-चार वर्षं अखंड चालला की आतले कपॅसिटर थकतात. बिनभाराचं मोजलं तर मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण मोटरचा भार पडला की दाब कोसळतो. डिस्क फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरायला लागते, असा आवाज आला की संशय आधी अॅडॅप्टरवर घ्यायचा. बदली अॅडॅप्टर घेताना व्होल्ट अगदी तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि गोल पिनेच्या आत-बाहेरच्या प्लस-मायनसची खूण तीच असली पाहिजे. राउटर, सेट टॉप बॉक्स, लॅपटॉप यांच्या पिना एकमेकींत बसतात, दाब मात्र ५ पासून १९ व्होल्टपर्यंत काहीही असतो. पिन बसली म्हणून लॅपटॉपचा अॅडॅप्टर लावला तर डिस्कचा बोर्ड एका क्षणात जळतो.

याच अॅडॅप्टरमुळे गावाकडे एक दोष वारंवार दिसतो. संगणक यूपीएसवर असतो, पण डिस्कचा अॅडॅप्टर शेजारच्या साध्या बोर्डात खोचलेला. लाईट अर्धा सेकंद झपकन जाते आणि येते. यूपीएसमुळे संगणकाला पत्ताही लागत नाही. डिस्कची वीज मात्र तुटलेली असते. वापरणाऱ्याला दिसतं ते एवढंच की संगणक चालू आहे आणि डिस्क उगीचच कट झाली. अॅडॅप्टर यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटवर घेतला की प्रश्न मिटतो. यूपीएसच्या मागे काही सॉकेट फक्त सर्ज संरक्षणाचे असतात, त्यांना बॅटरी नसते. तेवढं वाचून लावायचं.

विजेबद्दल इथे थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात ही बाजू येत नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्याच्या पाण्यावर प्रवरेचा हा पट्टा उसाचा झाला, जवळच्या लोणीत १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला. बागायत म्हटली की विहिरी, बोअर आणि मोटारी आल्या. पाण्याची मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट वीज ओढते. ऑटो स्विच बसवलेल्या असतील तर लाईट आल्या आल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना सांगत असतं ते याचमुळे. जिथे वस्ती आणि मोटारी एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत तिथे त्या क्षणी २३० व्होल्टचा दाब झपकन खाली येतो. चांगल्या संगणकाचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठा, ही घट पचवतो. हलका किंवा जुना एसएमपीएस ५ व्होल्टच्या वाटेवर ती घट पुढे ढकलतो, आणि संगणकाला लावलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात आधी बाह्य डिस्क कोलमडते. डिस्क कट होण्याच्या वेळा दोन दिवस वहीत लिहून ठेवल्या आणि त्या लाईट येण्याच्या किंवा शेजारची पिठाची गिरणी चालू होण्याच्या वेळेशी जुळल्या, तर केबल बदलत बसण्यात अर्थ नाही. दाब सावरणारा यूपीएस आणि बरा एसएमपीएस, हे त्याचं उत्तर.

दुसरी बाजू अर्थिंगची, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखा करंट जाणवतो, टेस्टर टेकवला की दिवा लागतो. हे अनेकांनी अनुभवलेलं असतं आणि 'एवढं तर असतंच' म्हणून सोडून दिलेलं असतं. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळण्यासाठी फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट फेज आणि न्यूट्रल यांच्या मध्ये लोंबकळत राहतं आणि त्यावर फेजच्या साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा दाब तयार होतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने माणूस सहसा वाचतो. पण डिस्क स्वतःच्या दोन पिनांच्या अॅडॅप्टरवर, संगणक वेगळ्या बोर्डावर, आणि दोघांना जोडणारी यूएसबी केबल, अशी रचना असेल तर या दोघांच्या 'शून्या'तला फरक त्या केबलमधून वाट काढतो. यूएसबीची वेगवान बाजू सेकंदाला ५ अब्ज बिट पाठवते. तिच्या सोबतीला असा गोंगाट आला की जोडणी तुटते. कधी डिस्क लावतानाच बारीक ठिणगी पडते आणि पोर्ट कायमचा जातो.

प्रवरेकाठची काळी माती यात भर घालते. पावसाळ्यात ती ओली, फुगलेली असते तेव्हा अर्थिंगचा खड्डा चांगलं काम करतो. एप्रिल-मे महिन्यांत तीच माती भेगाळते, पाइपपासून सुटते, आणि खड्ड्याचा रोध वाढतो. मीठ-कोळसा घालून केलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत राहायला सांगतात ते याचसाठी. आपल्याकडचं अर्थिंगचं मानक आयएस ३०४३ या नावाने आहे आणि जाणकार वायरमनला ते ठाऊक असतं. त्याच्याकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्यावा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, दहा-वीस दिसला तर आधी तेच काम. खड्डा चांगला असूनही थ्री-पिनची जाड पिन मोडलेली असणं किंवा एक्स्टेन्शन बोर्डात अर्थची तार जोडलेलीच नसणं, हेही तितकंच सर्रास आढळतं. हे काम स्वतः करू नये, पण करून घेतलंच पाहिजे. इथे प्रश्न डिस्कपुरता नाही, त्या कॅबिनेटला घरातली लहान मुलंही हात लावतात.

उन्हाळ्याची आणखी एक गोष्ट. अनेक बाह्य डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. पत्र्याच्या गाळ्यात मे महिन्याच्या दुपारी खोलीच चाळीस अंशांवर असते. प्लास्टिकच्या बंद डबीत डिस्क, तिच्यावर यूएसबीचं भाषांतर करणारा बोर्ड, आणि दोन तासांची अखंड कॉपी. बोर्ड तापतो आणि काम सोडतो. सकाळी चालणारी डिस्क दुपारी अर्ध्या तासाने कट होत असेल आणि पंख्याच्या झोतात सुधारत असेल, तर हेच कारण. डिस्क सीपीयूच्या वर किंवा मॉनिटरच्या मागे ठेवू नये, उघड्यावर आडवी ठेवावी, मोठी कॉपी सकाळी लावावी.

विंडोजच्या बाजूचे दोष त्या मानाने थोडक्यात सांगता येतात. डिस्क कामात असताना नव्हे, तर पंधरा-वीस मिनिटं पडून राहिल्यावर नाहीशी होत असेल, तर वीज वाचवणाऱ्या सेटिंगवर संशय घ्यावा. पॉवर ऑप्शन्सच्या अॅडव्हान्स्ड भागात 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढायची. मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसेटचा ड्रायव्हर अद्ययावत करणंही उपयोगी पडतं. वायफायचा डोंगल डिस्कच्या शेजारच्या निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टवर असेल तर तो लांब न्यावा: यूएसबी ३.० च्या तारा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात, हे इंटेलनेच २०१२ साली प्रसिद्ध केलेलं आहे. त्यात डिस्कपेक्षा वायफायचं आणि वायरलेस माउसचं नुकसान जास्त होतं.

विंडोज आपल्या नकळत एक रोजनिशी लिहीत असतं, ती मात्र जरूर वाचावी. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून विंडोज लॉग्जमधल्या 'सिस्टिम'मध्ये गेलं की डिस्क नावाच्या नोंदी सापडतात. क्रमांक १५७ म्हणजे डिस्क न सांगता अचानक काढली गेली. तुम्ही ती काढलेली नसताना ही नोंद पडली असेल तर वीज, केबल किंवा बोर्ड. क्रमांक १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं काम पुन्हा करावं लागलं. केबल आणि डिस्क दोघांवर संशय. क्रमांक ७ म्हणजे डिस्कवर खराब जागा सापडली, आणि ही नोंद दिसली की केबलचा नाद सोडून डिस्कची तब्येत बघायची.

तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद आत ठेवत असते, ती त्यात दिसते. ०५ या ओळीत निकामी ठरवून बदललेल्या जागा, सी५ मध्ये वाचता न येणाऱ्या आणि निर्णयाची वाट बघणाऱ्या जागा, सी६ मध्ये कायमच्या हुकलेल्या. या तिन्हींचा कच्चा आकडा शून्य असेल तर चकती बहुधा ठणठणीत आहे. सी५ शून्याच्या वर असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल तर त्या डिस्कवर नवीन काही ठेवू नये. सी७ ही ओळ वेगळी: ती डिस्क आणि तिच्या डबीतला बोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजते. ०५, सी५, सी६ शून्य आणि सी७ वाढता, असं चित्र दिसलं तर दोष डबीत आहे, चकतीत नाही. सगळ्या डब्या हे आकडे बाहेर सांगत नाहीत, काहींत रकाने कोरे दिसतात.

डबीच दोषी ठरली तर डिस्क बाहेर काढून डेस्कटॉपच्या आत साटा केबलने थेट जोडता येते, किंवा दुसऱ्या डबीत घालता येते. डेटा वाचवण्याचा हा उत्तम मार्ग, पण दोन अडथळे असतात. काही बारीक डिस्कवर साटा पिना नसतातच, यूएसबीचं सॉकेट डिस्कच्याच बोर्डवर पक्कं केलेलं असतं. आणि काही डब्या डेटा लिहितानाच तो कुलूपबंद करतात. त्याची किल्ली त्याच बोर्डात असते, म्हणून डिस्क बाहेर काढून जोडली की कोरी दिसते. तशी ती दिसली तरी घाबरून फॉरमॅट करायचं नाही. परत जुन्या बोर्डला जोडायची. हे अडथळे नसतील आणि काही जागा खराब असतील, तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरावं. ते आधी चांगल्या जागा झरझर उचलतं, अडलेल्या जागा मागे ठेवतं, कुठवर आलो याची नोंद ठेवतं. मध्येच डिस्क कट झाली तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं.

डिस्क कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे, यावरही नुकसान ठरतं. टीव्हीवर आणि मॅकवरही चालावी म्हणून बरेच जण एक्सफॅट ठेवतात. त्यात बदलांची आधी नोंद करून ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे लिहिताना कट झाली तर अख्ख्या फोल्डरचा हिशेब विस्कटू शकतो. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस जास्त सोसतं. विंडोज १० च्या २०१८ सालच्या ऑक्टोबरच्या आवृत्तीपासून बाह्य डिस्कसाठी पटकन काढण्याची पद्धत आपोआप लागू असते, म्हणून 'सेफली रिमूव्ह' न करताही बहुतेक वेळा निभावतं. कॉपी चालू असताना मात्र कुठलीच पद्धत वाचवत नाही.

दोष सापडला, केबल बदलली, अर्थिंग करून घेतलं, की लगेच त्यावर पुढच्या लग्नाचं काम टाकू नये. आधी ज्याची प्रत दुसरीकडे आहे असं पन्नास-साठ जीबीचं फोल्डर डिस्कवर टाकावं, मग तेच परत संगणकावर आणून उघडून बघावं. लिहिणं आणि वाचणं दोन्ही तपासलं जातं. हे एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा मोटारी चालू असण्याच्या वेळेला करावं आणि नंतर रोजनिशीत १५७ आणि १५३ ची नवी नोंद पडली का ते पाहावं. आठवडाभर एकही पडली नाही तर डिस्क पुन्हा कामाला घ्यावी, आणि तिच्यावरच्या कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, दुकानाऐवजी घरी ठेवावी. दोषी ठरलेली केबल मात्र परत खणात टाकू नये. घाईच्या दिवशी हाताला हमखास तीच लागते. कात्रीने मधोमध कापून टाकावी.